थांबणाऱ्यांचा प्रश्न : मलावीतील आरोग्यसेवक

गरीब देशांतील आरोग्यसेवेचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य ऐकू येते : तिथले डॉक्टर आणि परिचारिका देश सोडून जातात, म्हणून तिथले लोक मरतात. हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि अर्धे सत्य नेहमीच कोणाच्या तरी सोयीचे असते. ह्या वाक्यात गुन्हेगार आयताच सापडतो. सरकारच्या पैशाने शिकली आणि विमानात बसून निघून गेली, अशी एक बाई डोळ्यांपुढे उभी केली की पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. तिला पगार किती होता, तो कोणी ठरवला होता, तिच्या वॉर्डात खाटा किती होत्या आणि जमिनीवर किती रुग्ण होते, ती गेल्यावर तिची जागा भरायला कोणी मना केले, हे प्रश्न मागे पडतात. ह्या लेखात तेच प्रश्न विचारायचे आहेत. त्यासाठी आफ्रिकेतील मलावी हा एकच देश घेतला आहे. हा प्रश्न तेथे जितका उघडा पडला तितका क्वचितच कुठे पडला असेल, आणि तो सोडवण्याचा एक मोठा प्रयत्नही तेथेच झाला.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला लांबट, चिंचोळा देश. पूर्वेच्या अंगाला एक अफाट सरोवर, बाकी तंबाखू, चहा, ऊस आणि पोटापुरता मका. इंग्रजांच्या काळात त्याचे नाव न्यासालँड. ६ जुलै १९६४ रोजी तो स्वतंत्र झाला, आणि देशाची सूत्रे ज्यांच्या हाती आली ते हेस्टिंग्ज कामुझू बांडा हे स्वतः डॉक्टर होते. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये ते वैद्यक शिकले होते, इंग्लंडमध्ये त्यांनी कित्येक वर्षे व्यवसाय केला होता. म्हणजे परदेशी जाऊन परदेशीच रुग्ण तपासणाऱ्या मलावी डॉक्टरांची परंपरा खुद्द राष्ट्रपित्यापासून सुरू होते. ह्या डॉक्टर राज्यकर्त्याने १९९४ पर्यंत एकहाती सत्ता गाजवली. पण देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय ब्लँटायर येथे उघडले ते १९९१ साली, स्वातंत्र्यानंतर सत्तावीस वर्षांनी. तोपर्यंत डॉक्टर व्हायचे तर बाहेर जावे लागे, आणि बाहेर गेलेले पुष्कळजण परतत नसत. मलावीत आहेत त्याहून जास्त मलावी डॉक्टर एकट्या मँचेस्टर शहरात आहेत, असे वाक्य पुढे जगभरच्या सभांतून फिरू लागले. मोजदाद करणाऱ्यांना ते टिकणारे वाटले नाही. तरीही ते फिरत राहिले, यावरून ऐकणाऱ्यांना ते किती पटण्यासारखे वाटत होते हे कळते.

ह्या देशाने माणसे बाहेर पाठवणे तसे नवे नव्हते. न्यासालँड म्हणजे मजुरांचे कोठार, अशीच साम्राज्याची समजूत होती. ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींत आणि ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांच्या शेतांवर इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या राबत होते. खाणमालकांची ‘वेनेला’ नावाची भरती-संस्था त्यांना विमानाने नेत-आणत असे. एप्रिल १९७४ मध्ये बोत्स्वानातील फ्रान्सिसटाउन येथे तिचे एक विमान कोसळले आणि सत्तराहून अधिक माणसे जळून मेली. त्यांत बहुतेक घरी परतणारे मलावी खाणकामगार होते. त्यानंतर बांडांनी भरती थांबवली. माणसे पाठवण्याचा निर्णय वर बसलेल्यांचा होता आणि थांबवण्याचाही त्यांचाच. ज्याला जायचे वा राहायचे होते त्याला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. परिचारिकांच्या प्रश्नाकडे पाहताना हा जुना इतिहास मनाशी असू द्यावा.

आता २००४ सालाकडे येऊ. त्या वर्षी मलावीतील अठ्ठावीस जिल्ह्यांपैकी दहांत आरोग्य मंत्रालयाचा एकही डॉक्टर नव्हता; चार जिल्ह्यांत तर सरकारी, मिशनरी, खाजगी असा कोणताच डॉक्टर नव्हता. परिचारिकांच्या मंजूर जागांपैकी साठ टक्क्यांहून अधिक रिकाम्या होत्या. सव्वा कोटीच्या घरातल्या लोकवस्तीला सरकारी आणि मिशनरी सेवेत मिळून साडेतीन हजारांच्या आसपास परिचारिका होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या आपल्या अहवालात एक किमान रेषा घालून दिली : दर हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका आणि प्रसविका मिळून २.२८ तरी असावेत. त्याहून कमी असतील तर बाळंतपणासारख्या साध्या सेवाही सर्वांपर्यंत पोहोचत नाहीत. ह्या रेषेखाली सत्तावन्न देश सापडले, त्यांतले छत्तीस सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतले. त्याच अहवालाप्रमाणे जगातल्या रोगराईचा चोवीस टक्के भार आफ्रिकेवर होता आणि आरोग्यसेवक होते जगातले तीन टक्के. मलावी रेषेच्या खाली तर होताच, पण इतका खाली की रेषा त्याला वर मान करून पाहावी लागत होती.

‘साठ टक्के जागा रिकाम्या’ ह्या शब्दांचा अर्थ कागदावर कळत नाही. तो इस्पितळाच्या आवारात कळतो. मलावीत रुग्णाबरोबर घरचे माणूस येते, त्याला तेथे इंग्रजीतलाच शब्द वापरून ‘गार्डियन’ म्हणतात. गार्डियन बहुधा बाई असते : आई, बहीण, सून, मुलगी. ती रुग्णाला उठवते-बसवते, अंग पुसते, घाण काढते, कपडे धुते, आवारात चूल मांडून मक्याची न्सिमा शिजवते आणि भरवते. रात्री ती खाटेखाली किंवा ओसरीवर निजते. कित्येक इस्पितळांत त्यांच्यासाठी वेगळे निवारे बांधावे लागले आहेत. परिचारिकेच्या कामाचा मोठा वाटा अशा रीतीने पगाराविना, शिक्षणाविना, सर्वांत गरीब घरातल्या बाईच्या अंगावर पडलेला असतो. ती शेत सोडून आलेली असते आणि पेरणीचे दिवस कोणाची वाट पाहत नाहीत. परिचारिकांच्या टंचाईचे पैसे कोण भरते, असे कोणी विचारले तर उत्तर आवारातल्या त्या चुलीपाशी बसलेले आहे. कोणत्याही अंदाजपत्रकात तिची नोंद नाही.

आणि ह्या साऱ्यावर एड्सचे सावट होते. २००४ च्या सुमारास मलावीत दर आठ प्रौढांपैकी एकाला एच.आय.व्ही.ची लागण झालेली होती. परिचारिका ह्या समाजाच्या बाहेरच्या नव्हत्या. त्यांनाही ती झाली होती, त्यांच्या नवऱ्यांना, भावंडांना झाली होती. सेवेतून परिचारिका कमी होण्याच्या मोठ्या कारणांत मृत्यू हे एक कारण होते. ज्या जिवंत होत्या त्यांचे दिवस घरच्या आजाऱ्यांच्या शुश्रूषेत आणि नातलगांच्या अंत्यविधींत जात. देश सोडणाऱ्या परिचारिकांची नोंद होत असे, कारण परदेशी नोकरीसाठी परिषदेकडून प्रमाणपत्राची खातरजमा करून घ्यावी लागते. २००३ साली अशी खातरजमा घेणाऱ्या शंभरावर होत्या. विमानतळाचा हिशेब म्हणून सापडतो. कबरस्तानाचा हिशेब तितक्या तत्परतेने कोणी ठेवला नाही, आणि चर्चा विमानतळाचीच झाली.

विमानतळावरून त्या मुख्यतः ब्रिटनला जात. हे अकस्मात घडले नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनने आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत हजारो परिचारिका वाढवायचे ठरवले. त्या सर्व घरी तयार करायच्या तर वेळ आणि पैसा लागतो, बाहेरून आणल्या तर दोन्ही वाचतात. १९९७ साली नेल्सन मंडेला यांनी आमच्या परिचारिका नेऊ नका असे ब्रिटनला सांगितले. ब्रिटनने १९९९ मध्ये मार्गदर्शक सूचना आणि २००१ मध्ये आचारसंहिता काढली. सरकारी इस्पितळांनी गरीब देशांत जाऊन भरती करू नये असे त्यात होते. खाजगी दलालांना आणि खाजगी शुश्रूषागृहांना ती बंधनकारक नव्हती. परिचारिका म्हाताऱ्यांच्या खाजगी शुश्रूषागृहात आधी उतरे आणि काही काळाने सरकारी इस्पितळात जाई. संहिताही पाळली जाई आणि माणूसही मिळे.

पण प्रश्न असा आहे की रिकाम्या जागा भरायला मलावीला कोणी अडवले होते? येथे आपल्याला विमानतळ सोडून अर्थखात्याच्या इमारतीत यावे लागते. १९८० च्या दशकापासून मलावी जागतिक बँकेच्या आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जावर होता. कर्जाबरोबर अटी येत, आणि त्यांत एक अट बहुधा असे : सरकारी नोकरांच्या पगारावरचा एकूण खर्च अमुक मर्यादेपलीकडे जाता कामा नये. ही मर्यादा सर्व सरकारी नोकरांची मिळून असल्यामुळे वॉर्डातली परिचारिका आणि मंत्रालयातला सचिव एकाच तागडीत तोलले जात. मर्यादा आली की नवी भरती बंद, आणि असलेल्यांचा पगार महागाईने दरवर्षी आपोआप कमी. देणगीदार देश औषधे देत, गाड्या देत, इमारती बांधून देत. पगार द्यायला मात्र तयार नसत, कारण पगार हा ‘टिकाऊ’ खर्च नाही अशी त्यांची व्याख्या होती. इमारत टिकते आणि माणूस टिकत नाही, असे मानणाऱ्या व्यवस्थेत माणूस टिकला नाही तर नवल ते काय? नाणेनिधीच्या स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयानेच २००७ मध्ये ह्या धोरणावर टीका केली आणि त्याच वर्षी निधीने पगारावरच्या अशा मर्यादा अपवादानेच घालायचे ठरवले. तोपर्यंत दोन दशके उलटली होती.

ह्या पगारातून परिचारिका कशी जगत होती? रजेच्या दिवशी दुसऱ्या पाळीचे जादा काम घेऊन, काही विकून, आणि प्रशिक्षणवर्गांच्या भत्त्यावर. हा भत्ता हे गरीब देशांतल्या आरोग्यसेवेचे एक वेगळेच प्रकरण आहे. परदेशी प्रकल्प पगार देत नाहीत, पण कार्यशाळेला बसणाऱ्याला दिवसाचा भत्ता देतात, आणि थोड्या दिवसांच्या भत्त्याने महिन्याच्या पगाराची बरोबरी होऊ लागली की सेवक वॉर्डात सापडत नाही, कार्यशाळेत सापडतो. रुग्णाची शुश्रूषा कशी करावी हे शिकण्यासाठी रुग्णाला सोडून जावे लागते. शिवाय देशातल्या देशातही गळती होती : सरकारी इस्पितळातून संशोधन-प्रकल्पात, प्रकल्पातून परदेशी संस्थेच्या कार्यालयात. अशी परिचारिका देश सोडून गेली असे कोणी म्हणत नाही. वॉर्डातली तिची जागा मात्र तितकीच रिकामी असते.

२००४ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या परराष्ट्र-मदत खात्याचे प्रमुख अधिकारी सुमा चक्रवर्ती आणि संयुक्त राष्ट्रांच्या एड्स-कार्यक्रमाचे प्रमुख पीटर पियोट हे दोघे मलावीत आले. एड्सची औषधे आता आणता येतील, पण ती द्यायला माणसेच नाहीत, हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. त्यातून आरोग्यसेवकांसाठीचा सहा वर्षांचा तातडीचा कार्यक्रम आकाराला आला. मलावी सरकारने तो राबवला. पैसा मुख्यतः ब्रिटनचा आणि जागतिक निधीचा. खर्च सुमारे साडेनऊ कोटी डॉलर. अकरा प्रकारच्या आरोग्यसेवकांच्या पगारात ५२ टक्के वाढ करण्यात आली, शिक्षणसंस्थांच्या जागा वाढवण्यात आल्या, आणि नवी पिढी तयार होईपर्यंत बाहेरून डॉक्टर व शिक्षक आणण्यात आले. नाणेनिधीनेही ही वाढ मर्यादेत बसवून घेण्यास संमती दिली. देणगीदारांनी पगाराला हात लावायचा नाही हा संकेत येथे मोडला, आणि तो मोडला हे चांगले झाले.

परिणाम काय झाला? २००४ मध्ये ह्या अकरा प्रकारांत ५,४५३ माणसे होती, २००९ मध्ये ८,३६९ झाली. डॉक्टर ४३ वरून २६५ वर गेले, परिचारिका ३,४५६ वरून ४,८१२ वर. परदेशी जाणाऱ्या परिचारिकांची संख्या खूपच खाली आली. मूल्यमापन करणाऱ्यांनी ह्या कार्यक्रमामुळे १३,१८७ जीव वाचले असा हिशेब मांडला. शेवटच्या सातापर्यंत जीव मोजणारा हा आकडा गणिती अंदाज आहे हे वाचकाने लक्षात ठेवावे. पण दिशा खरी होती. मलावीतील मातामृत्यूचे प्रमाण २००४ च्या पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ९८४ होते, २०१० मध्ये ६७५, आणि २०१५-१६ मध्ये ४३९. प्रशिक्षित हातांखाली होणारी बाळंतपणे निम्म्याहून थोडी अधिक होती ती ह्याच काळात नव्वद टक्क्यांच्या घरात पोहोचली. ह्याला कारणे अनेक आहेत, पण हात वाढल्याशिवाय हे झाले नसते.

परिचारिका जाण्याच्या थांबल्या त्याचे श्रेय मात्र सगळे पगारवाढीला देता येणार नाही. २००५ मध्ये ब्रिटनने परदेशी परिचारिकांच्या नोंदणीचे नियम कडक केले, आणि २००६ मध्ये साध्या परिचारिकेचे पद टंचाईच्या व्यवसायांच्या यादीतून काढून टाकले. दार पलीकडून बंद झाले होते. अलीकडे पगार वाढला आणि पलीकडे दार लागले, ह्या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्यांतली कोणती किती, हे वेगळे करता येत नाही. ५२ टक्क्यांची वाढ करपात्र होती, आणि मूळ पगारच इतका तोकडा होता की वाढीनंतरही ब्रिटनमधल्या पगाराशी त्याची तुलना होऊ शकत नव्हती. एवढ्या वाढीने ज्या थांबल्या, त्यांना फार मोठ्या रकमेची अपेक्षा नव्हतीच, महिनाअखेर घर चालावे एवढीच होती, असे मला वाटते.

आता त्या अकरा प्रकारांच्या यादीकडे पाहू. तीत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, औषधनिर्माते, प्रयोगशाळेतले, क्ष-किरणवाले होते. वॉर्ड झाडणारा, रक्ताने भरलेल्या चादरी धुणारी, प्रेत शवागारात नेणारा ह्या यादीत नव्हता. आरोग्यसेवक म्हणजे प्रमाणपत्रवाला, ही समजूत ह्या सुधारणेनेही ओलांडली नाही. इस्पितळातली घाण काढणे हे आरोग्याचे काम आहे की नाही, हा प्रश्न ह्या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या विषयातली सर्वांत बोधप्रद गोष्ट ‘क्लिनिकल ऑफिसर’ नावाच्या सेवकाची आहे. हा डॉक्टर नव्हे. शाळेनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची उमेदवारी एवढे त्याचे शिक्षण. पण मलावीतली जिल्हा इस्पितळे खऱ्या अर्थाने तोच चालवतो. पोट फाडून बाळ काढणे, गर्भाशय फाटले तर शिवणे, हाड बसवणे, हे सारे तो करतो. अडतीस इस्पितळांमधल्या बाळंतपणाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के क्लिनिकल ऑफिसरांनी केलेल्या निघाल्या, आणि त्यांचे निष्पन्न डॉक्टरांच्या शस्त्रक्रियांच्या तोडीचे होते. सुरी तीच, रुग्ण तोच, परिणाम तोच. पगार आणि मान मात्र वेगळा.

आणि हा सेवक देश सोडून जात नाही. का जात नाही? त्याच्या देशप्रेमाचे गोडवे गाता येतील, पण कारण अगदी साधे आहे : त्याची पदविका बाहेरच्या देशांत चालत नाही. धोरणे आखणाऱ्यांच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांना हा मोठाच शोध वाटला. ज्यांचे प्रमाणपत्र बाहेर चालते ते जातात, ज्यांचे चालत नाही ते राहतात. तेव्हा न चालणारी प्रमाणपत्रे अधिक द्यावीत! हिशेब चुकीचा नाही. दूरच्या जिल्ह्यात अडलेल्या बाईचे प्राण ह्याच माणसाने वाचवले आहेत आणि त्याच्यावाचून ती मेली असती. तरीही ह्या विचारातले दुसरे टोक पाहिले पाहिजे. माणसाला एका जागी ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याच्या विद्येची किंमत दुसरीकडे होऊ न देणे. गावात काम हवे म्हणून त्याला गावापुरतेच ठेवायचे, वर चढण्याची शिडी द्यायची नाही, आणि मग तो टिकला म्हणून समाधान मानायचे, ही युक्ती आपण ओळखतो. क्लिनिकल ऑफिसरांच्या तक्रारींत पगारापेक्षा ह्याच गोष्टीचा सल अधिक आढळतो : डॉक्टराचे काम करतो, आणि बढतीची वाट मात्र नाही. पुढे त्यांच्यासाठी पदवीचे शिक्षण सुरू झाले, पण पदवी चालू लागली की मग हाही जाईल, ही भीतीही त्याबरोबर व्यक्त झालीच.

येथे बंधपत्राचा उल्लेख केला पाहिजे. सरकारी खर्चाने शिकवायचे आणि ठराविक वर्षे सरकारी सेवेत बांधून घ्यायचे, हा उपाय अनेक गरीब देशांनी वापरला आहे. मलावीतही तो आहे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना अशाच एक वर्षाच्या सेवेचे बंधन आहे, आणि दंड भरून ते चुकवता येत असे, म्हणजे ज्याच्या बापाजवळ पैसा तो सुटे. मलावीतल्या परिचारिकेच्या बापाजवळ पैसा नसतो. ती बहुधा घरातली पहिली शिकलेली असते, तिच्या पगारावर धाकट्या भावंडांची फी आणि मेलेल्या बहिणीची मुले असतात. तिने जाऊ नये असे तिला कोणी सांगावे? शिकलेल्याने गाव सोडून शहरात जावे, असे आपल्याला सांगितले गेले आणि ज्यांनी ते केले त्यांना आपण पळपुटे म्हणत नाही. तो न्याय तिला नाकारता येणार नाही. आणि तिच्यावाचून ज्या बाईचे बाळंतपण अडले, तीही तिच्यासारख्याच घरातली आहे. तिचाही न्याय आहे. ह्या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे केले की मधले सगळे सुटतात : पगार गोठवणारा सुटतो, आयती परिचारिका उचलणारा सुटतो, आणि करातला पैसा आरोग्यावर खर्च न करणारे सरकारही सुटते. एप्रिल २००१ मध्ये आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांनी नायजेरियातील अबुजा येथे जमून अंदाजपत्रकाचा पंधरा टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. ते पाळणारे देश फार थोडे निघाले.

परिचारिका नसताना बाळंतपणे कोण करीत होते? ‘अझाम्बा’, म्हणजे गावच्या सुइणी. २००७ मध्ये सरकारने त्यांना बाळंतपण करण्यास बंदी घातली, सर्व बायकांनी इस्पितळात यावे असे ठरले. काही गावांत मुखियांनी घरी बाळंत होणाऱ्या बाईच्या घराला कोंबडी किंवा बोकडाचा दंडही बसवला. इस्पितळात पुरेशा परिचारिका नसताना इस्पितळाबाहेर बाळंत होणे गुन्हा ठरला! २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी बंदी उठवल्याचे जाहीर केले. सुइणीच्या हातांत धोका होता हे खरे. पण धोका पत्करण्याखेरीज गत्यंतर नसलेल्या बाईला दंड करून धोका कमी होत नाही.

टंचाईतून काही शहाणपणही निघाले, ते नोंदवले पाहिजे. २००४ मध्ये मलावीने एड्सची औषधे सरकारी इस्पितळांत मोफत द्यायला सुरुवात केली तेव्हा उपचार मुद्दाम साधा ठेवला : सर्वांना एकच ठरावीक औषध, कोरे ठरावीक फॉर्म, आणि डॉक्टराऐवजी क्लिनिकल ऑफिसर, पुढे परिचारिकाही ते सुरू करू शकेल अशी पद्धत. २०११ मध्ये त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. गरोदर बाईला औषध सुरू करायचे तर आधी रक्तातल्या विशिष्ट पेशी मोजाव्यात असा जागतिक नियम होता. मलावीत यंत्रेही नव्हती, चालवणारेही नव्हते. मलावीने ठरवले, मोजायचेच नाही. लागण झालेल्या प्रत्येक गरोदर बाईला औषध सुरू करायचे आणि जन्मभर चालू ठेवायचे. श्रीमंत देशांच्या तज्ज्ञांनी आधी भुवया उंचावल्या. काही वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेने हीच रीत सर्वांसाठी मान्य केली.

आणि मग २०१० नंतरचा काळ. एप्रिल २०११ मध्ये मुथारिकांनी ब्रिटिश उच्चायुक्ताला देशाबाहेर काढले, जुलैमध्ये ब्रिटनने सरकारच्या अंदाजपत्रकाला दिली जाणारी मदत थांबवली. २०१२ मध्ये क्वाचा ह्या चलनाचे मोठे अवमूल्यन झाले आणि पगाराची किंमत पुन्हा उतरली. २०१३ मध्ये सरकारी तिजोरीतली ‘कॅशगेट’ नावाची लूट उघडकीस आली आणि देणगीदारांनी सरकारच्या हातात पैसा देणे बंद केले. २०१५ च्या पुढे तर एक विपरीत दृश्य दिसू लागले. वाढवलेल्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका नोकरीची वाट पाहत घरी बसल्या होत्या आणि इस्पितळांत निम्म्याच्या आसपास जागा रिकाम्या होत्या. पगाराला पैसा नाही म्हणून भरती नाही. टंचाई म्हणजे माणसांचा अभाव, ही समजूत येथे पार कोसळते. माणसे होती, शिकलेली होती, काम करायला तयार होती.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१० मध्ये आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीबाबत संहिता स्वीकारली. ती ऐच्छिक आहे. २०२३ मध्ये संघटनेने ज्या पंचावन्न देशांतून चढाओढीने भरती करू नये असे ठरवले त्या यादीत मलावी आहे, आणि ब्रिटननेही तो आपल्या बंदी-यादीत ठेवला आहे. म्हणजे तेथे जाऊन भरती करायची नाही. तिने स्वतःहून अर्ज केला तर मात्र चालतो.

आज मलावीच्या खेड्यात आरोग्यव्यवस्था म्हणून जी दिसते ती सायकलवरून फिरणाऱ्या आरोग्य-निरीक्षण साहाय्यकांची. देवीची लस टोचणारे आणि पुढे पटकीच्या साथीत नेमलेले मदतनीस हे त्यांचे मूळ. काही आठवड्यांचे प्रशिक्षण, दर हजार लोकांमागे एक असे उद्दिष्ट. तातडीच्या कार्यक्रमाच्या काळात त्यांची संख्या दुपटीने वाढून दहा हजारांवर गेली. लसी, क्षयरोगाचा पाठपुरावा, पाण्याची तपासणी, २००८ पासून मुलांचा हिवताप, न्यूमोनिया आणि हगवण यांवर औषध देणे, सारे त्यांच्या पिशवीत आले. २०२२-२३ च्या पटकीच्या साथीत मलावीत सतराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा आणि मार्च २०२३ च्या ‘फ्रेडी’ चक्रीवादळानंतर छावण्या उभ्या राहिल्या तेव्हाही, खेड्यांत पहिले पोहोचलेले हेच होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एकाएकी गोठवली. एड्सच्या तपासणीचे आणि समुपदेशनाचे काम करणारे, त्या पैशावर पगार मिळणारे मलावीतले अनेक सेवक घरी पाठवले गेले. त्यांचे काम उरलेल्या परिचारिकांकडे आणि ह्या सायकलवाल्यांकडे आले. देशाची लोकसंख्या २००८ च्या शिरगणतीत एक कोटी एकतीस लाख होती, २०१८ च्या शिरगणतीत एक कोटी शहात्तर लाख झाली, आणि तेव्हापासून ती वाढतच आहे.